वॉचमनच्या रजिस्टरमधला 'नाते' हा रकाना

आमसूल (शनिवार, रात्री ११:५०)

मंडळी, सल्ला हवाय, आणि तोही मंगळवारच्या आत.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. चार विंगा, ८८ फ्लॅट. गेल्या निवडणुकीत कुणी उभं राहीना म्हणून मला कमिटीत ढकललं. आजवर माझं काम म्हणजे टँकरवाल्याला आणि लिफ्टवाल्याला फोन करणं. आता सेक्रेटरींनी एका नोटिशीचा मसुदा फिरवलाय. मजकूर जसाच्या तसा देतो:

"भाडेकरू सदस्यांकडे रात्री १० नंतर विरुद्धलिंगी पाहुण्यांस प्रवेश दिला जाणार नाही. रक्ताचे नाते असल्यास ओळखपत्र दाखवावे. सोसायटीत फक्त चांगल्या चारित्र्याचे भाडेकरू ठेवले जातील. उल्लंघन झाल्यास घरमालकास फ्लॅट रिकामा करून घेण्यास सांगण्यात येईल."

खाली पाच सह्या झाल्यात. माझी राहिलीय.

निमित्त सी विंगमधल्या तीन मुलींचं. एक फिजिओथेरपिस्ट, दोघी आयटीत. मालक बाहेरगावी असतो. मुलींकडे मित्रमंडळी येतात, कधीकधी उशिरापर्यंत थांबतात. वरच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा लेखी तक्रार केली. काका वाईट नाहीत. माझ्या वडिलांना रात्री अडीचला त्यांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, हेही सांगून ठेवतो.

पण गेल्या गुरुवारी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. पावणेबाराला मी स्कूटर लावत होतो. पाऊस चालू होता. गेटवर एक पोरगा, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला स्टीलचा डबा. त्या मुलींपैकी एकीला दोन दिवस ताप होता, तिच्यासाठी मऊ भात आणि गोळ्या. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. त्यात एक नवा रकाना, पट्टी धरून बॉलपेनने आखलेला: 'नाते'. पोराने लिहिलं 'मित्र'. वॉचमन म्हणाला, "मित्र नाय चालत साहेब. भाऊ लिवा, सोडतो." पोरगा बराच वेळ पेन हातात धरून उभा राहिला. मग डबा टेबलावर ठेवला, "३०४ला द्या" म्हणाला आणि निघून गेला. पाच मिनिटांनी ती मुलगी शाल गुंडाळून खाली आली आणि डबा घेऊन गेली.

मी काही बोललो नाही. स्कूटरचं लॉक उगाच दोनदा तपासलं.

तर सही करू की नको? न केल्यास कारण काय सांगू?

---

टवाळ_पोपट (शनिवार, रात्री ११:५८)

भाऊ लिहिलं असतं तर रक्षाबंधनाला विंगभर राख्या बांधून घेत फिरावं लागलं असतं. पोरगा दूरदृष्टीचा निघाला.

---

अंगणातली_तुळस (रविवार, सकाळी ७:१०)

आमसूल, सगळे तुम्हाला 'सही करू नका' म्हणणार हे ठाऊक आहे, म्हणून मी आधीच उलट लिहिते.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आमच्या खाली चार मुलगे भाड्याने राहायचे. शनिवारी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत धिंगाणा. गॅलरीतून बाटली पडली ती शेजारच्यांच्या गाडीच्या काचेवर. सांगायला गेलं की "आंटी, आमचं वैयक्तिक आयुष्य आहे". माझे मिस्टर पहाटे ४:४०ची गाडी पकडायचे. रोज रात्री झोपेचं खोबरं. पोलिसांना फोन केला, ते आले, ते गेले, पुन्हा गाणी सुरू. शेवटी सोसायटीने 'बॅचलर नकोत' असा नियमच केला आणि आम्ही सुटलो.

घर म्हणजे लॉज नव्हे. चाळीस वर्षं हप्ते भरून माणूस घर घेतो, तर आजूबाजूला कोण आहे याबद्दल त्याने बोलायचंच नाही? माझी मुलगी चौदा वर्षांची होती तेव्हा. लिफ्टमध्ये रोज नवा चेहरा. भीती वाटते हो आईला. त्याला लगेच मागासलेपणा म्हणून मोकळे होऊ नका.

---

नर्मदेकाठचा (रविवार, सकाळी ७:४५)

+१ तुळसताई.

---

मुक्काम_पोस्ट_औसा (रविवार, सकाळी ९:२०)

तुळसताई, तुमच्या कहाणीत बाटली आहे, गाणी आहेत, रात्रीचे दोन आहेत. मुलगी एकही नाही. चार मुलगे होते. आता आमसूल यांची नोटीस परत वाचा. तिच्यात ना बाटली, ना आवाज. 'विरुद्धलिंगी' आहे फक्त. म्हणजे तुमच्या खालचे चौघे या नियमात मजेत बसले असते. सगळे पुरुष, पाहुणेही पुरुष, रात्रभर खुशाल नाचा.

माझा अनुभव सांगते. मी लातूर जिल्ह्यातून शिकायला शहरात आले, कॉलेजच्या वसतिगृहात राहिले. मुलींचं गेट साडेसातला बंद. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं. मुलांच्या वसतिगृहाला गेट होतं, पण त्याला कुलूप मी तरी पाहिलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलं खाली वाचत बसायची आणि आम्ही खोलीत एका ट्यूबलाइटखाली सहा जणी. एकदा एसटी बंद पडली म्हणून मला सव्वाआठ झाले. रेक्टरबाईंनी वडिलांना फोन लावला. "मुलगी अजून आलेली नाही," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. वडील रात्रीतून निघाले, पहाटे पोचले. मला काही बोलले नाहीत. चहा प्यायले, परत गेले. पण धाकट्या बहिणीला बारावीनंतर बाहेर पाठवायचं नाही हे त्याच रात्री ठरलं.

यात माझं चारित्र्य कुणी बिघडवलं नाही. बहिणीचं इंजिनिअरिंग मात्र गेलं. असल्या नियमांची किंमत बहुतेक वेळा तिसरंच माणूस भरतं, ते नोटीस काढणाऱ्याला दिसतही नाही.

---

टवाळ_पोपट (रविवार, सकाळी ९:३१)

गंमत बाजूला. हा प्रतिसाद वाचून चहा गार झाला.

---

काळा_कोट_पांढरी_पट्टी (रविवार, सकाळी ११:०५)

कायद्याचं तेवढं सांगतो, बाकी तुमचं चालू द्या.

पहिलं म्हणजे 'भाडेकरू सदस्य' असा प्राणी नसतो. सदस्य म्हणजे मालक. भाडेकरूचा करार मालकाशी असतो, त्यामुळे सोसायटी त्याला थेट बाहेर काढू शकत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवायची, झालं. सोसायटीला मिळतं ते बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून), आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १० टक्क्यांत माणसाचं चारित्र्य मोजायचा ठेका येत नाही.

दुसरं, कमिटीची नोटीस म्हणजे उपविधी नव्हे. उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभा आणि निबंधकांची मंजुरी लागते.

तिसरं, दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एका छताखाली राहिली तर तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खुशबू प्रकरणात सांगितलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा सज्ञानांच्या संमतीपुरता भाग गेला आणि व्यभिचाराचं ४९७ अख्खं गेलं. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, हे निकाल तिला थेट कितपत लागू होतात यावर आम्ही वकील दिवसभर वाद घालू शकतो. पण वारा कुठल्या बाजूने वाहतोय ते तुमच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा.

'चांगल्या चारित्र्याचे' हे शब्द तर आधी काढा. डान्सबारच्या खटल्यात आपल्या सरकारने परवाना घेणाऱ्याला हीच अट घातली होती. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती संदिग्ध म्हणून उडवली. चांगलं चारित्र्य म्हणजे काय, याची व्याख्याच नव्हती.

---

पनवेल_लोकल (रविवार, दुपारी १२:४०)

डान्सबारचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

२००५ साली बंदी आली तेव्हा आमच्या पट्ट्यात बारच बार होते. माझा मामा तिथे रिक्षा चालवायचा. रात्रपाळीत ठरलेल्या चार बायकांना घरी सोडायचा. त्यांतल्या एकीच्या मुलाची शाळेची फी भरायला हाच जायचा, कारण तिला शाळेत जायची लाज वाटायची. बंदीच्या वेळी ७५ हजार बारबालांचा आकडा पेपरात रोज यायचा. त्या कुठे गेल्या याचा आकडा मी कुठल्याच पेपरात वाचला नाही. मामाच्या चारपैकी दोन आखातात गेल्या. एक गावी गेली आणि महिन्याभरात परत आली, पण रिक्षात नाही, हायवेवर दिसली.

आणि कायद्यातली मेख बघा. परमिट रूम, बिअर बार यांना बंदी, तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! तीन ताऱ्यांखाली नाचलं की संस्कृती टिकते, ट्यूबलाइटखाली नाचलं की बुडते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, तोवर आठ वर्षं गेली. निकाल लागला तेव्हा मामाची रिक्षाही विकून झाली होती.

वकीलसाहेब, आमसूल यांच्या नोटिशीतही तीन तारे आहेत बघा: 'भाडेकरू'. मालकाच्या मुलाकडे रात्री कोण येतं ते कुणी विचारत नाही.

---

आमसूल (रविवार, दुपारी १:०२)

@पनवेल_लोकल, हे बरोबर टिपलंत. सेक्रेटरींच्याच मजल्यावर एका मालकाच्या मुलाकडे दर शनिवारी मैफल असते. बीअरच्या क्रेट लिफ्टने जातात. त्याबद्दल एक ओळ नाही.

---

जुनी_पाने (रविवार, दुपारी ३:१५)

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, वाचकांचे प्रश्न आणि सडेतोड उत्तरं. त्याआधी याच कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र कर्वे १९५३ साली जाईपर्यंत चालवत राहिले.

मला यातलं एक फार लागतं. त्या खटल्यातला एक भाग वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा होता. म्हणजे कुणीतरी नाव न सांगता पत्र लिहून विचारलं, कर्व्यांनी उत्तर दिलं, आणि तिसऱ्याच माणसाच्या भावना दुखावल्या. ज्याने विचारलं त्याची तक्रार नव्हती, ज्याने सांगितलं त्याची नव्हती. आमसूल यांच्या गेटवर तरी दुसरं काय झालं? डबा देणाऱ्याची तक्रार नाही, घेणारीची नाही.

---

नर्मदेकाठचा (रविवार, दुपारी ३:४०)

आले का पुरोगामी! कर्वे कुठे, हे पब-संस्कृतीवाले कुठे. समाजाला काही मर्यादा लागतातच की नाही? उद्या म्हणाल रस्त्यावर काहीही करू द्या.

---

खाकी_निवृत्त (रविवार, सायंकाळी ५:५५)

रस्त्यावरचं मी सांगतो, ३४ वर्षं मुंबई पोलिसात काढलीत.

आमच्याकडे याला 'एकशेदहा-सतरा' म्हणतात. मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस कायद्याचं कलम ११०, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. ११७ खाली दंड, तो जास्तीत जास्त १२०० रुपये. कलम दारुड्यांसाठी, उघड्यावर शिव्या देणाऱ्यांसाठी बरं होतं. पण महिनाअखेर केसेस कमी पडल्या की साहेब म्हणायचे, समुद्रावर चक्कर मारून या.

जोडपी बसलेली असायची. खडकावर, छत्रीआड. काही करत नसायची हो, नव्वद टक्के नुसती बोलत बसलेली. घरात दहा माणसं, बोलणार कुठे? आम्ही जायचो, काठी आपटायचो. कलम सांगायची गरजच पडायची नाही. "घरचा नंबर दे" म्हटलं की मुलगी रडायला लागायची आणि मुलगा पाकीट काढायचा. पावती किती जणांना मिळाली आणि किती जणांना नाही, ते इथे लिहीत नाही. समजून घ्या.

एकदा एक जण पाया पडला. जवळून बघितला तर वयाने माझ्याएवढा. शेजारी त्याची बायको. लग्नाची! चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आई-वडील, दोन भाऊ. रविवारी दोन तास समुद्रावर येऊन बसायचे. त्या दिवसानंतर मी त्या ड्युटीला टाळाटाळ करायला लागलो. सोडली असं म्हणणार नाही, नोकरी होती.

२०१५ चं मढ-आक्साचं आठवत असेल. ऑगस्टमध्ये हॉटेलांवर छापे पडले, चाळीसच्या आसपास जोडपी आणली. हॉटेलची खोली, आतून कडी, दोघं सज्ञान, रीतसर ओळखपत्र देऊन राहिलेली. तरी कलम तेच, 'सार्वजनिक' जागेचं! ओरड झाली, आयुक्तांनी चौकशी लावली. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. कँटीनमध्ये एक तरुण शिपाई म्हणाला, "चुकलं काय, आपण कायम असंच करतो की." तो खोटं बोलत नव्हता.

नर्मदेकाठचा, रस्त्यावर काहीही करू द्या असं मी म्हणत नाही. पण रस्ता आणि खोली यातला फरक आम्हालाच कळत नव्हता, तो वॉचमनला कळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

---

बोरिवली_स्लो (रविवार, रात्री ८:१०)

रस्त्यावरून आठवलं. २०२१ मध्ये आमच्या बोरिवलीत एका सोसायटीबाहेर लोकांनी रस्त्यावर पिवळ्या रंगात रंगवलं होतं: 'नो किसिंग झोन'. लॉकडाऊनमध्ये जोडप्यांना जायला जागा उरली नव्हती, गाड्या, बाइक लावून तिथे थांबायची. बातम्या झाल्या, फोटो सगळीकडे फिरला. मग काय, लोक मुद्दाम फोटो काढायला यायला लागले.

---

टवाळ_पोपट (रविवार, रात्री ८:१४)

'नो पार्किंग'कडे लक्ष देत नाहीत, 'नो किसिंग' कोण पाळणार. निदान समोरच्या बाजूला 'सम-विषम तारखेस' तरी लिहायचं.

---

दुबईकर_देवगडचा (रविवार, रात्री १०:०५)

आम्ही दुबईत. इथे आलो तेव्हा लग्न न झालेल्या जोडप्याने एकत्र राहणं हा गुन्हा होता. वस्त्यांमधून बॅचलर हाकलायच्या मोहिमाही निघायच्या. २०२० च्या नोव्हेंबरात कायदा बदलला आणि ते गुन्ह्यातून काढलं. नंतरही अटी आहेत, म्हणजे नवरा, बायको किंवा पालकाने तक्रार केली तर वगैरे. सगळं आलबेल आहे असं नाही. पण सुट्टीला देवगडला आलो की आई म्हणते, "तुमच्या तिथे कडक असेल ना रे." मी काय सांगू तिला, भाऊ लिहायला इथे कुणी लावत नाही.

---

मडगांवकार (रविवार, रात्री १०:३०)

गोंयकाराचा एक मुद्दा, दोन्ही बाजूंना टोचेल असा.

२००९ च्या जानेवारीत मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली, ती टीव्हीवर सगळ्यांनी बघितली. श्रीराम सेनेची माणसं होती. २०१८ साली सगळे निर्दोष सुटले, कारण पुरावाच उभा राहिला नाही. एवढं कॅमेऱ्यासमोर होऊन! त्या संघटनेच्या प्रमुखाला आमच्या सरकारने २०१४ मध्ये गोव्यात यायला बंदी केली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही बंदी कायम राहिली.

आम्ही तेव्हा खूश झालो, मीसुद्धा. पण रात्री विचार आला, हातात काठी घेतली म्हणून शिक्षा व्हायला हवी होती, ती झाली नाही. त्याऐवजी पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. म्हणजे गेटवर आपणही वॉचमन बसवलाच. फक्त आपल्या आवडीचा.

---

काळा_कोट_पांढरी_पट्टी (रविवार, रात्री १०:५२)

@मडगांवकार, फरक आहे. त्या बंदीमागे शांतताभंगाची भीती होती आणि मागचा इतिहास होता. ३०४ मधल्या मुलीमागे काय इतिहास आहे? ताप.

---

मडगांवकार (रविवार, रात्री १०:५९)

मान्य. तरी टोचतंच.

---

साखरपुडा_रद्द (सोमवार, सकाळी ८:३०)

पहिल्यांदाच लिहितेय, वाचते खूप वर्षं.

आमचं लग्न विशेष विवाह कायद्याने झालं. १९५४ चा कायदा, ३० दिवसांची नोटीस. फलकावर दोघांची नावं, पत्ते, वय, फोटोसकट. कुणालाही वाचता येतं आणि हरकत घेता येते. आम्ही आंतरधर्मीय, घरी सांगायला थोडा वेळ हवा होता. अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या वडिलांना अनोळखी नंबरवरून फलकाचा फोटो आला. "तुमचीच ना?" एवढाच मजकूर. तो माणूस कोण होता हे आजही माहीत नाही. त्याला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, कुणीतरी फलक वाचत उभा असेल, बस्स.

२०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा लग्नांवर 'समन्वय' ठेवायला समिती नेमली. आधी आंतरजातीयही त्यात होती, टीका झाल्यावर दोन दिवसांत ती वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवली. वडील तोपर्यंत निवळले होते. बातमी वाचून म्हणाले, "आता आपल्याकडे समन्वय करायला कोण येणार? चहा टाकून ठेवतो."

आमसूल, त्या मुलाने 'भाऊ' लिहिलं नाही, हे मला फार भारी वाटलं. मी त्या फलकाच्या दिवसांत किती जणांना किती खोटी नाती सांगितली, आता मोजताही येणार नाहीत.

---

अंगणातली_तुळस (सोमवार, सकाळी १०:४५)

रात्री बराच वेळ वाचत होते. औसाताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझ्या कहाणीत मुलगी नव्हती. पण मला वाटतं ते सांगते. आम्हाला आवाजाची तक्रार करायला नीट भाषाच नसते. आवाजाची तक्रार केली की "ॲडजस्ट करा" म्हणतात. "पोरी येतात" म्हटलं की दुसऱ्या दिवशी कमिटी बसते. मग माणूस काय म्हणणार? जे ऐकलं जातं तेच म्हणणार. आमच्याकडेही त्या चौघांविरुद्धच्या अर्जात शेवटी 'संशयास्पद स्त्रिया' हे शब्द घातले होते. खोटे होते. मीच घातले.

सही करू नका असं अजूनही म्हणवत नाही मला. पण काकांना नक्की कशाचा त्रास होतो, ते एकदा विचारून तरी बघा.

---

मुक्काम_पोस्ट_औसा (सोमवार, सकाळी १०:५८)

तुळसताई __/\__

---

काळा_कोट_पांढरी_पट्टी (सोमवार, सकाळी ११:२०)

तुळसताईंनी गाठ बरोबर सोडवली. भाषा नसते असं मात्र नाही, आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. भाडेकरू, मालक, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखीच. आमसूल, नोटीस काढायचीच तर ही काढा. 'रात्री १० नंतर' हे तुमच्या सेक्रेटरींचे आवडते शब्दही तिच्यात आपोआप येतात.

---

टवाळ_पोपट (सोमवार, सकाळी ११:२६)

म्हणजे सोसायटीच्या गणपतीतला स्पीकरही आला का हो यात? नाही, सहज विचारलं. धाग्याला शंभरी गाठायचीय.

---

नर्मदेकाठचा (सोमवार, सकाळी ११:३०)

सणावर घसरलातच ना शेवटी! वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, तेवढं माहीत असू द्या.

---

काळा_कोट_पांढरी_पट्टी (सोमवार, सकाळी ११:३३)

देतं. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. इथे नर्मदेकाठचा यांचं बरोबर आहे.

---

आमसूल (मंगळवार, रात्री १०:४०)

आत्ता मीटिंगहून आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी डोकं लावलंत.

तुळसताई, तुमचं ऐकून काल संध्याकाळी वरच्या काकांकडे गेलो. चहा झाला. विचारलं, "काका, नेमका त्रास कशाचा?" आधी म्हणाले वातावरणाचा. मग म्हणाले मुलाबाळांवर संस्कारांचा. त्यांच्या घरात मुलंबाळं नाहीत, मुलगा कॅनडाला आहे. मी गप्प बसलो. काकू आतून म्हणाल्या, "अहो, खुर्ची सांगा ना." तर खुर्ची! मुलींच्या घरात लोखंडी पायांच्या चार खुर्च्या आहेत, पाहुणे आले की सरकतात. तो आवाज भिंतीतून वर काकूंच्या बेडरूममध्ये जातो. काकूंना मायग्रेन आहे. दोन लेखी अर्जांत खुर्चीचा 'ख' नाही.

मी तिथूनच ३०४ ला गेलो. फिजिओथेरपिस्ट मुलीने दार अर्धंच उघडलं, कमिटीचा माणूस म्हटल्यावर चेहरा उतरला. खुर्चीचं सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. मग म्हणाली, "एवढंच? कुणी सांगितलं का नाही?" आज सकाळी रबराच्या टोप्या आणल्या, सोळा. बिल मला व्हॉट्सॲपवर पाठवलंय, ८० रुपये. पैसे मागितले नाहीत, नुसतंच पाठवलंय.

मीटिंगमध्ये मी सही करणार नाही म्हणालो. कारण म्हणून वकीलसाहेबांचे पहिले दोन मुद्दे वाचले. ते पुरले, बाकीचं कुणी ऐकलंच नसतं. शनिवारच्या मैफलीचा विषय काढल्यावर त्या मुलाचे वडील तावातावाने उठले, "आमचा खासगी प्रश्न आहे". मी म्हटलं, हेच ते. सेक्रेटरी माझ्याशी अजून बोलत नाहीयेत. आवाजाची नोटीस सगळ्यांसाठी निघाली. पाहुण्यांची 'पुढील बैठकीपर्यंत तहकूब'. तहकूब म्हणजे रद्द नव्हे हे मलाही कळतं. पाच सह्या अजून त्या कागदावर आहेत.

---

मुक्काम_पोस्ट_औसा (मंगळवार, रात्री १०:५१)

आणि तो रकाना?

---

आमसूल (मंगळवार, रात्री ११:०५)

रकाना आहे. रजिस्टरची साठ-सत्तर पानं शिल्लक आहेत, सेक्रेटरींनी सगळ्यांवर आखून ठेवलाय. नवं रजिस्टर पान संपल्याशिवाय येणार नाही, खर्चाचा प्रश्न.

पण येताना गेटवर थांबून चाळलं. वॉचमनने आता विचारणं सोडलंय, तो रकाना स्वतःच भरतो. कालच्या पानावर ओळीने: भाऊ, भाऊ, भाऊ. पिझ्झावाला भाऊ. प्लंबर भाऊ. ए विंगच्या आजींना तपासायला आलेल्या डॉक्टर मॅडम, भाऊ. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "साहेब, रकाना कोरा दिसला की सेक्रेटरीसाहेब ओरडतात."

---

टवाळ_पोपट (मंगळवार, रात्री ११:०७)

आमसूल, तुमची स्वतःची एन्ट्री बघितलीत का?